न्यासा की मलावी? 'आताचे' लिहून भांडण मिटत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आफ्रिकेतल्या मोठ्या सरोवरांवर पानभर मजकूर आला, फोटो मस्त होते, पण त्यातल्या एका चौकटीत 'न्यासा सरोवर (आताचे मलावी सरोवर)' असं छापलंय आणि खाली 'ज्वालामुखीच्या मुखात तयार झालेले' अशी ओळ टाकलीय. दुसरी गोष्ट सरळ चुकीची आहे, तिच्याकडे येतोच, पण माझा खरा आक्षेप पहिलीला आहे. तुम्ही ते 'आताचे' लिहून दोन देशांच्या अजून चालू असलेल्या भांडणात एका पार्टीच्या बाजूला जाऊन बसलात, आणि मला नाही वाटत तुमच्या डेस्कवर कुणाला त्याचा पत्ता असेल.

मला यातलं काय कळतं असं कुणी विचारेल म्हणून सांगतो. मी वाशीला दाणाबंदरात डाळींची दलाली करतो, राहायला चिंचपोकळीला. आमच्याकडे तूर म्हणजे नुसती तूर नसते, बर्माची लेमन वेगळी, टांझानियाची अरुषा आणि मटवारा वेगळी, मोझांबिकची गजरी वेगळी, मलावीची लाल वेगळी, प्रत्येकीचा भाव वेगळा आणि प्रत्येकीचं गिऱ्हाईक वेगळं. आता नकाशा उघडून बघा, टांझानिया, मोझांबिक, मलावी, हे तिन्ही देश या एकाच सरोवराच्या काठावर बसलेत. आपल्या सरकारनं मोझांबिकशी २०१६ मध्ये आणि मलावीशी २०२१ मध्ये तूर घ्यायचे करार केलेत, मलावीचा वर्षाला ५० हजार टनांचा, मोझांबिकचा दोन लाख टनांपर्यंत गेलेला. म्हणजे मुंबईत ज्यांच्या घरी वरणभात शिजतो त्यातल्या बऱ्याच जणांच्या कुकरमध्ये कधी ना कधी या तीन देशांची तूर पडलेली असणार. आणि धंद्यात तिकडच्या माणसांशी बोलताना लगेच लक्षात येतं, टांझानियाचा माणूस 'झिवा न्यासा' म्हणतो, मोझांबिकवाला 'लागो नियासा' म्हणतो (त्यांच्या तर एका प्रांताचंच नाव नियासा आहे), आणि मलावीवाल्यासमोर न्यासा म्हटलं की तो हसून पण लगेच दुरुस्त करतो. तिन्ही नावं आज, या घडीला, चालू आहेत. मग 'आताचे' कुठलं?

आधी ज्वालामुखीचं उरकतो. सरोवराच्या उत्तरेला रुंग्वे नावाचा ज्वालामुखी डोंगर आहे हे खरं, त्या भागात लाव्हा भरपूर, बहुतेक त्यावरूनच घोळ झाला असेल, पण सरोवर त्याच्या मुखात नाहीये. आफ्रिकेचा पूर्वेकडचा भाग बाकीच्या खंडापासून हळूहळू फाटत चाललाय, लाल समुद्रापासून खाली मोझांबिकपर्यंत ती भेग जाते, आणि जमीन अशी ताणली गेली की मधला पट्टा खाली खचतो, चाळीच्या दोन्ही भिंती जरा बाहेर सरकल्या तर गॅलरीतली मधली लादी बसेल ना, तसं. त्या खचलेल्या पट्ट्यात पाणी भरत गेलं. तेही सरळसोट खचलं नाही, कुठे पूर्वेची कड जास्त खचली कुठे पश्चिमेची, म्हणून उत्तरेला टांझानियाच्या बाजूनं लिव्हिंगस्टन पर्वत भिंतीसारखे पाण्यातून वर चढतात आणि समोरच्या किनाऱ्यावर तेवढा चढ नाही.

आकडे ऐका. लांबी साधारण ५८० किलोमीटर, म्हणजे गाडीनं मुंबईहून पणजीला जायचं अंतर, रुंदी जास्तीत जास्त ७५ किलोमीटर, क्षेत्रफळ २९,६०० चौरस किलोमीटरच्या आसपास, बृहन्मुंबईसारखी जवळजवळ पन्नास शहरं आत मावतील. खोली सुमारे ७०० मीटर, पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४७० मीटरच्या वर आहे, म्हणजे तळ समुद्रसपाटीच्याही दोनशे मीटर खाली गेला. खालचं पाणी वरच्या पाण्यात मिसळतच नाही, अडीचशे मीटरच्या खाली ऑक्सिजन नाही, मासा नाही, काही नाही.

आणि हे सरोवर कायम असंच भरलेलं होतं असंही नाही. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी सरोवरात बार्ज उभी करून तळाच्या गाळात ३८० मीटरपर्यंत ड्रिलिंग केलं, तेवढ्या गाळात बारा-तेरा लाख वर्षांचा हिशोब सापडला. त्यातून कळलं की साधारण १ लाख ३५ हजार ते ७५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात असे भयंकर दुष्काळ पडले की पाणी ५०० मीटरहून जास्त खाली गेलं होतं, ९५ टक्के पाणी गायब. परत भरलं ते नंतर. अगदी विसाव्या शतकातही १९१५ च्या सुमारापासून वीसेक वर्षं पाणी इतकं कमी होतं की दक्षिणेला सरोवरातून निघून झांबेझीला मिळणारी शिरे नदी तिथून वाहायचीच बंद झाली होती.

मासे हा एक वेगळाच विषय आहे, नुसता सांगून पुढे जातो. जगातल्या कुठल्याही सरोवरात नाहीत इतक्या जातींचे मासे इथे आहेत, एकट्या सिक्लिड नावाच्या माशांच्या कुळातल्याच आठशेच्या वर जाती धरतात आणि त्यातल्या बहुतेक दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत. क्रॉफर्ड मार्केटला अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात पिवळाधमक 'येलो लॅब' मिळतो ना, तो मूळचा इथला. दुकानदार सगळ्यांना सरसकट 'मलावी सिक्लिड' म्हणतात, टांझानियाच्या किनाऱ्यावरच्या जातीलाही. ते धंद्याचं नाव आहे, त्याच्यावर माझं काही म्हणणं नाही.

आता नावांकडे. सोळाव्या-सतराव्या शतकात त्या भागात मरावी लोकांचं राज्य होतं, पोर्तुगीजांच्या कागदपत्रांत त्यांचा उल्लेख येतो आणि नंतरच्या जुन्या युरोपियन नकाशांवर तिकडे एक 'मरावी' सरोवर काढलेलं दिसतं, आकार अंदाजपंचे. स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन तिथे पोचला सप्टेंबर १८५९ मध्ये, शाळेच्या पुस्तकात त्यानं सरोवर 'शोधलं' असं असायचं, पण कार्दोसो नावाचा पोर्तुगीज व्यापारी १८४६ मध्येच तिकडे जाऊन आल्याचं सांगतात, आणि झांझिबार-किल्व्याचे अरब व्यापारी तर तिथून हस्तिदंत आणि गुलाम कधीपासून नेतच होते. काठावर राहणाऱ्यांनी काय शोधायचं होतं ते वेगळंच. लिव्हिंगस्टननं नाव विचारलं, तिथल्या बोलीत मोठ्या पाण्याला न्यासा म्हणतात, त्यानं तेच लिहून घेतलं. त्याच्या मागोमाग दोन महिन्यांत रोशर नावाचा एक जर्मन दुसऱ्या बाजूनं तिथे पोचला. म्हणजे एकाच वर्षात दक्षिणेकडून इंग्रजांचा माणूस आणि पूर्वेकडून जर्मनांचा, पुढे तीस वर्षांनी झालेल्या वाटणीची ही जणू रंगीत तालीमच.

आणि इथेच आपली मुंबई येते, जे तुमच्या लेखात यायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. लिव्हिंगस्टनला त्या सरोवरात आगबोट फिरवायची होती, गुलामांचा व्यापार अडवायला. त्यानं पुस्तकातून कमावलेले स्वतःचे हजारो पौंड घालून एक लोखंडी बोट बनवून घेतली, नाव ठेवलं 'लेडी न्यासा'. सुटे भाग करून ती झांबेझीच्या तोंडाशी आणली, नदीतून वर शुपांगाला नेऊन जोडली, पण शिरे नदीवरचे धबधबे ओलांडून ती वर सरोवरापर्यंत काही गेलीच नाही. सरोवराच्या नावाची बोट आणि सरोवराचं पाणी तिला लागलं नाही. ब्रिटिश सरकारनं मोहीम परत बोलावली, आता ही बोट विकायची कुठे, झांझिबारला विकली तर गुलामांचे व्यापारी घेणार, म्हणून हा माणूस स्वतः कॅप्टन होऊन, मूठभर खलाशी घेऊन, १८६४ च्या एप्रिलच्या शेवटी झांझिबारहून निघाला आणि अडीच हजार मैलांचा समुद्र कापून १३ जूनला मुंबई बंदरात शिरला. जून! पावसाळ्याच्या तोंडावर, नदीत चालवायला बांधलेल्या बोटीनं! आपले कोळी त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. नंतर बोट इथेच विकली गेली, २,३०० पौंड आले, ते त्यानं भारतातल्या एका बँकेत ठेवले आणि ती बँक बुडाली. अमेरिकेतलं युद्ध संपून कापसाचा फुगा फुटला तोच हा काळ, मुंबईत तेव्हा भलेभले धुऊन निघाले होते, त्यात हा एक.

त्या बोटीवर दोन आफ्रिकन पोरं होती, चुमा आणि विकातानी, गुलामांच्या तांड्यातून सोडवलेली, त्यांना इथे मुंबईत डॉ. विल्सन यांच्या मिशन शाळेत ठेवलं (विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच विल्सन). बोटीवरचे सुसी आणि अमोडा हे दोघे आफ्रिकन कामगार गोदीत कामाला लागले. पुढच्या मोहिमेसाठी लिव्हिंगस्टन १८६५ मध्ये परत मुंबईला आला तेव्हा हे सगळे त्याच्याबरोबर गेलेच, शिवाय नाशिकजवळच्या शरणपूरला सोडवलेल्या आफ्रिकन गुलामांच्या मुलांसाठी मिशननं आश्रम काढला होता, सुतारकाम लोहारकाम शिकवायचे, तिथली नऊ पोरं आणि मुंबईच्या मरीन बटालियनचे शिपाईही गेले. जानेवारी १८६६ मध्ये मुंबईहून बोट सुटली. नाशिकला शरणपूर रोड आजही आहे, रोज हजारो लोक जातात येतात, किती जणांना माहीत असेल. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचं प्रेत महिनोन्महिने वाहून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत चुमा आणि सुसी पुढे होते, आणि त्याचं हृदय आफ्रिकेतच पुरताना प्रार्थना म्हणणारा जेकब वेनराइट हा शरणपूरचाच विद्यार्थी. यांच्यातले चुमा आणि वेनराइट मूळचे याओ, म्हणजे त्याच सरोवराच्या आसपासचे लोक. माझं स्पष्ट मत आहे की या पोरांवर कुणीतरी मराठीत नीट लिहायला पाहिजे, लिव्हिंगस्टनवर पुष्कळ लिहून झालंय.

हां, तर भांडण. १ जुलै १८९० ला इंग्लंड आणि जर्मनीनं करार करून पूर्व आफ्रिका वाटून घेतली. त्यात जर्मनांची हद्द सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावर थांबवली, पाण्यात नाही, किनाऱ्यावर. म्हणजे कागदावर तिकडचं सगळं पाणी इंग्रजांचं. प्रत्यक्षात जर्मनांची गनबोट पाण्यात फिरतच होती, 'हेरमान फोन विसमान' नावाची, आणि इंग्रजांची होती 'ग्वेंडोलिन', दोन्हींचे कॅप्टन म्हणे एकमेकांचे पिण्यातले दोस्त. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पुकारलं गेलं, बातमी इंग्रज कॅप्टनला आधी पोचली, तो गेला आणि दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या जर्मन बोटीवर गोळा टाकला, तर जर्मन कॅप्टन छोट्या होडीतून वल्हवत आला आणि ओरडायला लागला की तू पिऊन आलायस का, असं सांगतात. त्याला युद्ध सुरू झाल्याचंच माहीत नव्हतं. लंडनच्या पेपरात ही नौदलाचा विजय म्हणून बातमी छापून आली.

युद्ध हरल्यावर जर्मनांचा तो मुलुख इंग्रजांकडे आला, टांगानिका म्हणून (आजच्या टांझानियाचा मुख्य भाग), आणि इकडचा न्यासालँड (आजचा मलावी) तर १९०७ पासून त्या नावानं त्यांचाच होता. दोन्हीकडे मालक एकच म्हटल्यावर रेघ कुठे आहे याची कुणाला पडलीय, काही सरकारी अहवालांत आणि नकाशांत ती मधोमध दाखवली गेली, काहींत किनाऱ्यावर. मोझांबिकच्या बाजूचं मात्र इंग्रज आणि पोर्तुगीजांनी १९५४ मध्ये नीट बसून ठरवलं, रेघ मधोमध, फक्त लिकोमा आणि चिझुमुलू ही दोन बेटं मोझांबिकच्या पाण्यात असूनही मलावीकडे. ते आजवर टिकलंय.

६ जुलै १९६४ ला न्यासालँड स्वतंत्र झाला. तिथले नेते डॉ. बांडांनी जुन्या नकाशावरचं ते मरावी उचललं आणि देशाचं नाव मलावी ठेवलं, इंग्रजांनी दिलेलं नाव पुसायचं होतं, ठीकच आहे. मग सरोवराचंही नाव मलावी केलं. समोरच्या टांझानियाला देशाचं नाव चाललं, सरोवराचं नाही चाललं, साहजिक आहे, शेजाऱ्यानं सामायिक विहिरीवर स्वतःच्या नावाची पाटी लावली तर कोण ऐकून घेईल. १९६७ पासून दोघांत उघड वाद आहे. मलावी म्हणतं १८९० चा करार बघा, आणि वसाहतीच्या काळातल्या हद्दी आहेत तशाच मानायच्या हे आफ्रिकेतल्या देशांनी मिळून १९६४ मध्येच ठरवलंय. टांझानिया म्हणतं दोन देशांमध्ये पाणी असलं तर रेघ मधोमध जाते ही जगाची रीत आहे, आणि आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे मासे पकडतायत त्यांनी पायाचा अंगठा पाण्यात घातला की परदेशात गेली का? खरं सांगू तर मला टांझानियाचं म्हणणं माणसाच्या बाजूनं पटतं आणि मलावीचं कागदाच्या बाजूनं, आणि कोर्टात कागद चालतो. २०११ मध्ये मलावीनं सरोवरात तेल शोधायचं लायसन्स एका ब्रिटिश कंपनीला दिलं आणि २०१२ मध्ये प्रकरण चांगलंच तापलं. मग मोझांबिकचे माजी राष्ट्राध्यक्ष चिसानो वगैरे मंडळी मध्यस्थीला बसली. निकाल नाही.

आता तुमचा नकाशा बघा. सरोवरावर नाव फक्त 'मलावी' लिहिलंय आणि सरहद्द मात्र टांझानियाच्या बाजूलाही मधोमध काढलीय. म्हणजे नाव मलावीचं आणि रेघ टांझानियाची! दोन्ही देशांच्या वकिलातींना एकाच चौकटीत एकदम नाराज करायचं काम तुम्ही केलंय, हे मुद्दाम करायला गेलं तर जमणार नाही. हसण्यावारी नेऊ नका, आपल्या देशाच्या नकाशात कुठे वर रेघ हलली तर आपणच सगळ्यात आधी खवळतो, तुमच्याच पेपरात अग्रलेख येतो.

तुमच्या उपसंपादकाची बाजू मी समजू शकतो. आफ्रिकेतल्या बाकीच्या सरोवरांना हा 'आताचे'चा फॉर्म्युला लागू पडतो. रुडॉल्फचं तुर्काना झालं १९७५ मध्ये, पूर्ण झालं, ते आता तुर्कानाच. १९७३ मध्ये एडवर्डला युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनचं नाव लागलं आणि आल्बर्टला झैरच्या मोबुटूचं, दोघं गेले तशी नावंही गेली आणि जुनी परत आली. आपल्याकडेही एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं, बोर्ड बदलला, अनाउन्समेंट बदलली, विषय संपला (लोक अजून एल्फिन्स्टन म्हणतात ते सोडा). पण तिथे ठरवणारं सरकार एक होतं. इथे तीन सरकारं आहेत, आणि प्रत्येक जण आपापल्या किनाऱ्यापुरता बरोबर आहे.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या अंकात छोटी का होईना दुरुस्ती छापा. सरोवराचं नाव 'मलावी/न्यासा' असं तिरकी रेघ देऊन लिहा, टांझानियाच्या बाजूची हद्द तुटक रेघेनं दाखवा आणि खाली 'वादग्रस्त' लिहा, मोझांबिकच्या बाजूची पक्की राहू द्या, ती १९५४ पासून पक्कीच आहे. लिकोमा बेट तुमच्या नकाशात दिसतच नाहीये, तेही टाका. ज्वालामुखीची ओळ काढा. पुढच्या रविवारी टांगानिका सरोवर आहे असं तुम्ही खाली छापलंय, तिथे मात्र नावाचं टेन्शन घेऊ नका, काठावर चार देश आहेत आणि चौघंही त्याला टांगानिकाच म्हणतात.

आपला,
एक नियमित वाचक,
चिंचपोकळी, मुंबई